ड्रमवर दुसरं कोणी बसेल

आमच्या बँडमध्ये मी आले ती दुसऱ्याच्या जागेवर. आधीचा कीबोर्डवाला नोकरीसाठी आखातात निघून गेला होता आणि पुढच्याच आठवड्यात एका हॉटेलातल्या पार्टीत वाजवायचं ठरलेलं होतं. माझ्या थोरल्या भावाचा मित्र त्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. मी आबिड्सच्या एका चर्चजवळ पियानो शिकायला जाते हे त्याला भावाकडून कळलं असावं. तो आमच्या घरी आला, वडिलांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, हिला एका संध्याकाळपुरतं न्यायचं होतं. मी स्वतः आणून सोडतो."

वडील सरकारी नोकरीतले, महसूल खात्यातले. त्यांनी विचारलं, "भजनं असतात का?"

"इंग्रजी गाणी असतात. पण जुनी आहेत."

जुनी म्हटल्यावर वडिलांना बरं वाटलं असणार. त्यांनी हो म्हटलं. ती एक संध्याकाळ पुढे तीसेक वर्षं चालली.

त्या गिटारवाल्याला मी भावासारखंच दादा म्हणायचे. दादा पुढे वकील झाले, सिटी सिव्हिल कोर्टात त्यांचं चांगलं नाव झालं. गाणारे तेलुगू होते, बँकेत अधिकारी. त्यांना सगळे अन्ना म्हणायचे, म्हणजे पुन्हा थोरला भाऊच. आणि ड्रमवर भाई. भाई वीज खात्यात नोकरीला होते, मलकपेटला राहायचे, इथली दख्खनी उर्दू बोलायचे. या तिघांनी कॉलेजात असताना बँड सुरू केला होता. मी वयाने त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. मला बँडमध्ये वीस वर्षं झाली तरी अन्ना पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणायचे, "आणि ही आमची नवीन कीबोर्डवाली."

बेस गिटारची जागा मात्र कधी भरून राहिली नाही. किती जण आले आणि गेले ते मला आता सांगता येणार नाही. एक बंगळूरला गेला, एकाने लग्नानंतर सोडलं, एक भांडून गेला. शेवटचा जो होता तो जाताना मला म्हणाला, "मॅडम, ये बँड नै है. फॅमिली कोर्ट है." त्यानंतर आम्ही माणूस शोधलाच नाही. मी डाव्या हाताने कीबोर्डवरच बेस वाजवायला लागले.

तो मुलगा म्हणाला ते खरं होतं. तोवर दादा आणि अन्ना एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण झालं ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसू येईल इतक्याशा गोष्टीवरून. दादांच्या बायकोचं, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, मोठं ऑपरेशन होतं. त्याच आठवड्यात एका क्लबात कार्यक्रम होता. दादांनी सांगितलं, रद्द करा. अन्ना म्हणाले, क्लबाने कार्डं छापली आहेत, रद्द कसं करायचं? त्यांनी सिकंदराबादहून एका तरुण गिटारवाल्याला बोलावलं आणि कार्यक्रम पार पाडला. दादांना ते कळलं होतं. त्यावर ते काही बोलले नाहीत. वहिनी घरी आल्या, बऱ्या झाल्या, आणि मग एका रविवारी नेहमीसारखी प्रॅक्टिस ठेवली. प्रॅक्टिस व्हायची दादांच्याच बरकतपुऱ्याच्या घरी, खालच्या गॅरेजमध्ये. एका गाण्यात दादांचा लांबलचक एकट्याचा तुकडा असायचा. तो वाजवून झाल्यावर अन्ना सहज म्हणाले, "त्या पोरानं हे अर्ध्यात आटपलं होतं. लोक नाचत राहिले. आपण पण तसंच करू या."

दादांनी गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला, गिटार स्टँडवर ठेवली आणि जिना चढून वर घरात निघून गेले. आम्ही वाट पाहिली. थोड्या वेळाने वहिनी चहा घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं डोकं दुखतंय."

पुढच्या रविवारी दादा वेळेवर खाली आले, वाजवलं, सगळं केलं. फक्त अन्नांशी बोलले नाहीत. अन्नांनी दोनतीन वेळा विषय काढून पाहिला. मग त्यांनाही राग आला आणि त्यांनीही सोडून दिलं.

एखाद्या महिन्यात निवळेल असं मला वाटलं होतं. वर्षं गेली. अन्ना दर रविवारी दादांच्या घरी यायचे, वहिनींशी तेलुगूत गप्पा मारायचे, त्यांनी केलेला उपमा खायचे, आणि दादा समोर बसलेले असले तरी त्यांच्याकडे पाहायचे नाहीत. स्टेजवर मी दोघांच्या मध्ये उभी असायची. दादा म्हणायचे, "त्यांना सांग, पट्टी अर्धा सूर खाली घेतोय." मी अन्नांना सांगायची. अन्नांना ते आधीच ऐकू गेलेलं असायचं. तरी ते माझं सांगून होईपर्यंत थांबायचे आणि मग मला म्हणायचे, "सरे अम्मा, घेऊ दे."

माझे यजमान एकदा म्हणाले, "तू कॉलेजात दिवसभर मुलांना गणित शिकवतेस, आणि रविवारी या दोन म्हाताऱ्यांना सांभाळतेस. कशासाठी?" वाजायला लागलं की ते दोघे एकमेकांना इतकं ओळखायचे, की अन्नांनी श्वास कुठे घेतला ते दादांच्या बोटांना कळायचं. अन्नांचा आवाज पुढे पुढे वरच्या सुरांना फाटायला लागला. तो फाटायच्या जरा आधी दादा गिटारचा आवाज वाढवायचे आणि ते झाकून घ्यायचे. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते ऐकायला मिळावं म्हणून मी जात असेन.

भाईंनी मात्र आशा सोडली नव्हती. ते दोघांशी बोलायचे, दोघांना ईदला घरी बोलवायचे. एक येऊन गेला की मग दुसरा यायचा. मला म्हणायचे, "भाई लोगां हैं बेटा. कब तक नै बोलते? एक दिन दोनो साथ में आते मेरे घर, देखो तुम."

मग भाईंच्या हाताला कंप सुटला.

आधी डावा हात. पेला धरताना थरथरायचा, ड्रमची काठी धरली की थांबायचा, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे काठी हातातून निसटायला लागली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, औषधं सुरू झाली. औषधांनी कंप कमी झाला पण सगळं शरीरच मंदावलं. गाणं ज्या लयीत सुरू व्हायचं त्या लयीत संपायचं नाही. मध्यावर आलं की चढावर बैलगाडी लागल्यासारखं व्हायचं. आम्ही तिघे त्यांच्यासाठी मागे राहायचो. भाईंना ते कळायचं, मग ते घाई करायचे आणि पुढे निघून जायचे.

एका कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. संध्याकाळची वेळ, मोकळं लॉन, सगळे आमच्याच वयाचे. तिसऱ्या गाण्यात भाईंचा ठेका पूर्ण तुटला. अन्ना गायचे थांबले. भाईंनी हात वर करून माफी मागितली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाईट होत्या. शाळेच्या संमेलनात लहान मूल कविता विसरलं की वाजवतात तशा.

त्या आठवड्यात अन्नांनी मला आबिड्सला एका हॉटेलात चहाला बोलावलं. चहा येईपर्यंत ते बँकेतल्या पेन्शनीबद्दल बोलत होते. मग म्हणाले, "चूडम्मा, हे बघ, भाईंना आता थांबायला सांगितलं पाहिजे. लोकं हसतील त्यांना. मला ते बघवणार नाही. ड्रमवर दुसरं कोणी बसेल."

"कोण सांगणार?"

"तू सांग. तुझं ते ऐकतील."

विचार करून उद्या कळवते म्हणून मी निघाले. संध्याकाळी दादांचा फोन. आवाज कोर्टातल्यासारखा. "हे बघ, भाईंचं असं चालणार नाही. त्यांच्या तब्येतीलाही बरं नाही. त्यांना सांगायला हवं, आणि ते तूच सांगितलेलं बरं."

इतक्या वर्षांत हे दोघे एखाद्या गोष्टीवर एकमताचे झालेले मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्याचा आनंद वाटायला हवा होता की काय कोण जाणे. मला राग आला. मी दादांना म्हटलं, "मी सांगणार नाही. तुम्ही तिघांनी हा बँड काढलात. तुम्ही आणि अन्ना जा, समोर बसून सांगा."

"मी त्यांच्याबरोबर जाणार नाही."

"मग भाई वाजवत राहतील."

अन्नांनाही मी तेच सांगितलं. दोघांनी दोन दिवस घेतले. शेवटी ठरलं ते असं, की मी गाडी चालवायची आणि दोघांना घेऊन जायचं.

दादा बरकतपुऱ्याला पुढच्या सीटवर बसले. अन्ना काचीगुड्याच्या चौकात उभे होते, ते मागे बसले. चादरघाटच्या पुलाजवळ गाडी अडकली. शनिवारची दुपार, ऊन, आणि पुढे एका बसने रस्ता अडवलेला. मी एसी वाढवला. अन्ना मला म्हणाले, "फार थंड नको अम्मा, घसा बसतो." दादांनी हात पुढे करून एसी कमी केला. त्या क्षणी मला वाटलं, हे दोघे कदाचित आज बोलतील.

भाई दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दार भाभींनी उघडलं आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "अजी सुनते? बाहर आओ. देखो कौन आए."

भाई भिंतीला हात लावत बाहेर आले. आधी मला पाहिलं, मग दादांना, मग दादांच्या मागे जिन्यात उभ्या असलेल्या अन्नांना. त्यांचा चेहरा कसा बदलला ते मला लिहून दाखवता येणार नाही. आजारामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव हल्ली फारसे हलायचे नाहीत. पण डोळे भरून आले. त्यांनी एका हातात दादांचा हात घेतला आणि एका हातात अन्नांचा.

"दोनो?" ते म्हणाले. "दोनो आए?"

या दोघांचा समेट झालेला नाही हे आम्ही त्यांना सांगायला हवं होतं, तिथेच, दारात. भाईंनी दोघांना हाताला धरून आत नेलं आणि सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं. सोफा लहान होता. दादांचा गुडघा अन्नांच्या गुडघ्याला लागत होता. भाभी आत गेल्या आणि शेवया भाजल्याचा वास यायला लागला.

"मैं बोला था न बेटा?" भाई मला म्हणाले. "बोला था न, एक दिन आते बोलके? तुम हसते थे."

मी हसत कधीच नव्हते, पण मान डोलावली.

भाई बोलत राहिले. डॉक्टरांनी गोळी बदलली आहे. सकाळी उठून उशीवर काठ्या मारून सराव करतात. डावा हात आता पुष्कळ सुधारला आहे. "डिसेंबर तक एकदम ठीक हो जाता. तुम दोनो बात करने लगे, अब मेरेकु क्या टेन्शन है?" त्यांनी हात पुढे करून दाखवला. हात थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

भाभींनी शेवयांच्या वाट्या आणून दिल्या. दादा अंडं-मांस खात नाहीत हे त्यांना पाठ होतं. "इसमें कुछ नै है, सिर्फ दूध," म्हणाल्या. मग त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना काहीतरी जाणवलं असावं.

अन्नांनी वाटी खाली ठेवली. "भाई," ते म्हणाले, "एक बात बोलनी है."

"बोलो ना."

"तुम थोडा आराम करो. ड्रम पे कोई और बैठता अब."

भाईंनी विचारलं, "कित्ते दिन?"

अन्ना वाटीकडे बघत राहिले. भाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग दादांकडे मान वळवली. सगळी हालचाल हळू, जणू मान वळवायलाही विचार करावा लागत होता.

"तुम बी येइच बोलने आए?"

दादा म्हणाले, "मैं नै. ये इनका फैसला है."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. दादा शेवयांचा चमचा हातात धरून बसले होते, कुणाकडेही न बघता. अन्ना त्यांच्याकडे वळून पाहत होते. इतक्या वर्षांनी सरळ त्यांच्या तोंडाकडे. पण बोलत नव्हते. बोलले असते तर दादांना खोटं ठरवावं लागलं असतं, भाईंच्या घरात, भाईंसमोर.

मी म्हटलं, "नै भाई. तीनोंका है. दादा का बी है, मेरा बी है."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. भाभी आत निघून गेल्या.

"अच्छा," भाई म्हणाले. मग म्हणाले, "सेवयां ठंडे हो रहे. खा लो."

आम्ही खाल्ल्या. तिघांनीही वाट्या संपवल्या, कारण भाई बघत होते. निघताना ते दारापर्यंत आले नाहीत. भाभींनी मला आतून हाक मारून डब्यात शेवया बांधून दिल्या, नेहमीसारख्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

खाली गाडीजवळ अन्ना थांबले. दादा दाराचं हँडल धरून उभे होते.

"इत्ते सालां बाद मेरे बारे में कुछ बोले," अन्ना म्हणाले. "वो बी झूट बोले."

दादांनी लगेच उत्तर दिलं. जणू ते उत्तर त्यांच्याकडे केव्हापासून तयार होतं. "तू बी तो बोला था. लडका अच्छा बजाया बोलके. मेरी बीवी आयसीयू में थी."

"मैं गाने के बारे में बोला था रे."

"मेरेकु मालूम है काइके बारे में बोला था."

अन्नांनी पलीकडून जाणारी रिक्षा थांबवली आणि बसून गेले. दादा मागच्या सीटवर बसले. येताना पुढे होते. बरकतपुरा येईपर्यंत मी आरशात पाहिलं नाही. घरासमोर उतरताना ते खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "तुला मध्ये बोलायची काय गरज होती?"

"खोटं होतं ते, दादा."

"भाई माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?" मग त्यांचा आवाज बदलला. "तू मला तिथं उघडं पाडलंस."

ते त्यांचे माझ्याशी शेवटचे शब्द. त्यानंतर दादा माझ्याशी बोलले नाहीत. मी फोन केले. वहिनी घ्यायच्या आणि म्हणायच्या, कोर्टात गेलेत, झोपलेत, बाहेर आहेत. पुढे वहिनींचाच आवाज इतका अवघडलेला यायला लागला की मी फोन करणं थांबवलं. माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात ते आले होते. माझ्यासमोरून ताट घेऊन गेले. अन्नांना इतकी वर्षं काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी मध्ये उभी राहून निरोप पोचवायची तेव्हा मला ते थोडंसं गमतीचं वाटायचं. गमतीचं त्यात काही नव्हतं.

बँडचे दोन बँड झाले, एकाच नावाचे. अन्नांनी पोस्टरवर नावाच्या पुढे 'ओरिजिनल' लावलं. दादांनी वकिली भाषेत त्यांना नोटीस पाठवली असं मी ऐकलं. खरं खोटं माहीत नाही. अन्नांनी मला बोलावलं आणि मी गेलेसुद्धा, तीनचार वेळा. ते एका फ्लॅटमध्ये लॅपटॉपवर तयार वाजवलेला ट्रॅक लावून गायचे. ट्रॅक त्यांच्यासाठी थांबायचा नाही. त्यांचा आवाज वर गेला आणि फाटला की तो तसाच फाटलेला ऐकू यायचा. झाकायला कुणी नव्हतं. एकदा गाणं मध्येच बंद करून ते म्हणाले, "वद्दम्मा, आज नको." आम्ही कॉफी प्यायलो. पुढच्या वेळी मी गेले नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. वर्षाच्या आत ते अमेरिकेला मुलीकडे गेले. अधूनमधून फोनवर नातवंडांचे फोटो येतात. खाली काही लिहिलेलं नसतं.

दादांच्या बँडमध्ये सगळी नवी मुलं आली. पुण्या-मुंबईकडून इथे आयटीत नोकरीला आलेली, चांगली वाजवणारी. ज्युबिली हिल्समध्ये एका रेस्टॉरंटच्या अंगणात त्यांचा कार्यक्रम होता, तो माझ्या कॉलेजातल्या एका सहकारी बाईंनी मला दाखवला. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांचा भाचा त्यात कीबोर्ड वाजवतो म्हणून आग्रहाने घेऊन गेल्या. स्टेजवर ड्रमचे दोन संच होते. मागच्या संचावर एक तरुण मुलगा होता. आणि पुढे, दिव्याखाली, भाई.

दादांनी माइकवर सांगितलं की हे आमच्या बँडचे पहिले ड्रमर आहेत, आणि लोक उभे राहिले. मग गाणं सुरू झालं. भाईंचे हात हलत होते, काठ्या पडत होत्या, आणि स्पीकरमधून येणारा ठेका दुसऱ्याचा होता. त्यांच्या संचासमोर माइक उभे होते. कुठल्याही माइकमधून आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांत त्यांचा हात मला पाठ होता, त्यामुळे मला ते पहिल्याच गाण्यात समजलं. सहकारी बाई म्हणाल्या, "किती छान वाजवतात हो या वयात."

मध्यंतरात मी निघून आले.

काही दिवसांनी मी भाईंकडे गेले. त्या शनिवारनंतर मी मध्येमध्ये जायला लागले होते. पहिल्या वेळी भाभींनी दार उघडून मला नुसतं बसायला सांगितलं होतं, पुढे बोलायला लागल्या. मी भाईंना त्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं नाही. तेच म्हणाले, "तुम आए थे. मैं देखा तुमकु."

"हौ, आले होते."

"मेरा माइक बंद रहता," ते म्हणाले. "पैले दिन से मालूम है मेरेकु. मैं मारता, आवाज नै आती, नै मालूम पडता क्या?"

"मग का जाता, भाई?"

त्यांना बोलायला वेळ लागायचा आता. शब्द तोंडात अडकायचे. "वो लेने आता मेरेकु," ते म्हणाले. "दादा. खुद आता गाडी लेके. जूते पहनाता मेरेकु. हाथ पकड के सीढी उतारता." मग म्हणाले, "उसकु ऐसा लगता कि मैं समझा नै."

दादा हे प्रायश्चित्त म्हणून करत होते, की पोस्टरवर जुना ड्रमर हवा म्हणून, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही, आजही नाही. दोन्ही असेल. भाईंना ते ठरवावंसं वाटत नव्हतं. मी त्यांच्यावर नाराज झाले, आणि घरी येताना स्वतःवरही झाले, की मला काय अधिकार.

नंतर भाई जिन्यात पडले. मांडीचं हाड मोडलं. ते जोडलं, पण चालणं गेलं, आणि स्टेजही गेलं. त्या सुमारास दादांच्या बँडमधली दोन मुलं नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेली, एकाने स्वतःचा बँड काढला. दादांनी पुन्हा माणसं गोळा केली नाहीत. वहिनी मला नारायणगुड्याच्या भाजीबाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या की गॅरेजमध्ये आता भाडेकरूंची गाडी लावतात. दादा भाईंकडे जातात का, असं मी विचारलं. "पडल्यापासून एकदाच गेले," त्या म्हणाल्या. "आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. मग मीच म्हटलं, नका जाऊ." त्यांनी मेथीची जुडी उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली.

मागच्या महिन्यात मी भाईंकडे गेले होते. खोलीत आता हॉस्पिटलसारखी, डोक्याची बाजू वर होणारी कॉट आहे. ती बसवायला सोफा काढून टाकावा लागला. दादा काय करतात, अन्नांचा फोन येतो का, हे भाई विचारतील म्हणून मी जिन्यात उत्तरं जुळवत गेले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. गल्लीत पाण्याचा टँकर तीन दिवस आला नाही, खालच्या मजल्यावरच्यांनी नळाला मोटार चोरून लावली आहे, नातवाला कॉलेजात हवी ती शाखा मिळाली नाही, हे सगळं ते सांगत राहिले, अडखळत, एकेक वाक्य पूर्ण करत. मी ऐकत होते. मधेच त्यांनी डोळे मिटले आणि मला वाटलं झोपले. झोपले नव्हते. मोटारचं पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळची, मग्रिबची अजान झाली तशी मी उठले. भाभी म्हणाल्या, "खा के जाओ." मी नको म्हणणार होते, पण त्यांनी आधीच कॉटशेजारच्या स्टुलावर वर्तमानपत्र पसरून ताट ठेवलं होतं. डाळ, भात, टोमॅटोची चटणी. भाभी भाईंना चमच्याने भरवत होत्या. मी शेजारी बसून जेवले.